फुंकरीतलं विष

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, खुर्च्यांमधल्या वाटा भरल्या होत्या, आणि ज्यांना तिथेही जागा मिळाली नाही ते खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून माना वाकड्या करत होते. सगळ्यांची नजर व्यासपीठावरच्या एका काचेच्या ग्लासावर खिळली होती. ग्लासात पाणी होतं, स्वच्छ, पलीकडचं दिसेल असं. पाण्यात एक लांब नळी, आणि नळीच्या वरच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं तोंड. तिचं डोकं कित्येक वर्षं दुखत होतं.

"फुंका," फुंकरबाबा म्हणाले. "लाजू नका, बाई. आतला रोग द्या, राग द्या, जावेची नजर द्या. हे पाणी सगळं घेतं आणि कुणाला सांगत नाही."

लोक हसले. बाई फुंकू लागली. बुडबुडे निघाले आणि बघता बघता पाणी आधी धुरकट झालं, मग दुधासारखं पांढरं. बाबांनी ग्लास उंच धरून चारी बाजूंना फिरवला. हे हिच्या अंगातलं विष, ते म्हणाले. डॉक्टर लोक गोळ्या देत बसले आणि विष आत सुखाने नांदत राहिलं. पण आता थांबायचं नाही. विष बाहेर आलंय, मेलेलं नाही. जळून जाईपर्यंत फुंकायचं. बाई फुंकत राहिली. आणि खरोखरच तेच पाणी, त्याच ग्लासात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू पुन्हा निवळलं. टाळ्यांनी छत दणाणलं. त्या टाळ्यांतच बाई खुर्चीवरून कलंडली. तिचे हात छातीशी आखडले, बोटं पक्ष्याच्या चोचीसारखी जुळून ताठ झाली.

"शक्ती उतरतेय," बाबा शांतपणे म्हणाले. "कुणी हात लावू नका."

मागच्या रांगेतल्या कुणालातरी ही शक्ती काही पटली नसावी. त्याने गुपचूप रुग्णवाहिका बोलावली.

रुग्णवाहिकेवरची डॉक्टरीण आत आली तेव्हा दोन स्वयंसेवक तिला अडवायला पुढे झाले. ती त्यांच्यामधून अशी गेली जशी माणसं दारावरच्या पडद्यातून जातात. तिच्या पिशवीत एक छोटं यंत्र होतं, ज्याच्यावर तिचा माणसांपेक्षा जास्त भरवसा होता. नाकाशी बारीक नळी लावली की माणूस जो श्वास बाहेर सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड किती, हे ते दाखवायचं. श्वास सोडला की पडद्यावरची रेघ टेकडीसारखी वर चढायची, आत घेतला की खाली उतरायची. बेशुद्ध माणसाच्या घशात श्वासासाठी नळी घालावी लागते. ती श्वासनलिकेत गेली की चुकून अन्ननलिकेत, हे धावत्या गाडीत, खडखडाटात नुसत्या कानांनी ओळखणं कठीण. डोळे फसतात, कान फसतात. टेकडी दिसली की नळी बरोबर. रेघ सपाट राहिली की नळी काढा, पुन्हा घाला, वाद घालत बसू नका. डॉक्टरिणीला त्या यंत्राचं हेच आवडायचं, की त्याला कुणाचं मन राखायचं नसतं.

शिवणकामवाल्या बाईच्या नाकाशी तिने नळी लावली. आकडा चाळिसाच्या आसपास हवा, तो विसाच्या खाली होता. डॉक्टरीण जमिनीवर बसली, बाईचा हात हातात घेतला आणि तिच्याबरोबर स्वतः सावकाश श्वास घेऊ लागली. टेकड्या दूर दूर होत गेल्या, आकडा चढत गेला, आणि काही मिनिटांत ती चोचीसारखी जुळलेली बोटं एकेक करून सुटली. डॉक्टरिणीने तिला समजावलं की इतका वेळ जोरजोरात फुंकल्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड नको तितका बाहेर गेला. मुंग्या, चक्कर, हात आखडणं हे सगळं त्याचं. शक्ती वगैरे काही नाही. घरी जा, पाणी प्या, आणि डोकेदुखीसाठी डोळे तपासून घ्या. सुईत दोरा ओवायचं काम आहे तुमचं.

पण माइक बाबांच्या हातात होता.

"ऐकलंत?" ते गरजले. "यंत्रसुद्धा बोललं! आकडा निम्म्यावर आला. विष निम्मं बाहेर गेलं, असं डॉक्टर स्वतः सांगतायत!"

पुन्हा टाळ्या. डॉक्टरिणीला वाटलं, कुणीतरी आपल्या तोंडात हात घालून आपलीच जीभ फिरवतंय. ती सामान आवरून वळली, आणि तेव्हा तिला व्यासपीठाच्या कडेची खुर्ची दिसली. खुर्चीवर तिचे भाऊजी बसले होते, मांडीवर कोऱ्या नळ्यांचा गठ्ठा घेऊन.

भाऊजी शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांच्या हाताखालून अर्धं शहर गेलं होतं.

दाराशी तिने त्यांना गाठलं. ते नजर चुकवत म्हणाले की तुझ्या ताईची इच्छा होती, श्वासाचा व्यायाम आहे झालं, नुकसान काय. तिने विचारलं, ग्लास बदलतात का? पांढरं होणं ठीक आहे, चुन्याचं पाणी असेल. पण निवळतं कसं?

"बदलत नाहीत," भाऊजी म्हणाले. "तोच ग्लास असतो. मी पाहिलंय." हे खरं होतं. अर्धं खरं सांगून गप्प बसणाऱ्याइतका पक्का खोटारडा दुसरा नसतो, हे तिला नंतर कळलं.

परत जाताना गाडी चालवणाऱ्या काकांनी बाबांचा विषय काढला. म्हणाले की हा बाबा त्यांच्या ओळखीचा. पूर्वी दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचा. तुमच्या नळाच्या पाण्यात दोन तारा बुडवून ते काळंपिवळं करून दाखवायचा आणि घाबरवून फिल्टर गळ्यात मारायचा. "धंदा तोच आहे, बाई. तेव्हा घरातलं पाणी घाण ठरवायचा, आता माणूस घाण ठरवतो."

त्या संध्याकाळी तिने ताईला फोन केला. ताई तिच्याहून बरीच मोठी. आईच्या माघारी हिला वाढवलं तिनेच. ताईच्या मुलीला लहानपणापासून मधुमेह, इन्सुलिनवाचून एक दिवस निघत नसे असा. त्या पोरीच्या दंडावर, पोटावर, मांडीवर सुई टोचता टोचता ताईची उमर चालली होती. डॉक्टरिणीने चुन्याच्या पाण्याचं सांगितलं तेव्हा ताई शांतपणे म्हणाली, "मग निवळलं कसं, छोटी? मी फुंकलं तेव्हा ग्लास माझ्या हातात होता. मी हलवला नाही, कुणी बदलला नाही. तू एवढी शिकलीस, सांग ना."

डॉक्टरिणीला शाळेत पांढरं होईपर्यंतच शिकवलं होतं. परीक्षेत तेवढंच यायचं. तिने फक्त विचारलं, इंजेक्शन चालू आहे ना? चालू आहे, ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

पुढच्याच आठवड्यात त्याच सभागृहातून पुन्हा बोलावणं आलं. मुलगी पडलीय, श्वास जोरात चाललाय, एवढंच कळलं. काकांनी सुस्कारा टाकून गाडी सुरू केली. आणखी एक शक्ती उतरली असेल, ते म्हणाले.

व्यासपीठावर तिची भाची होती.

दोन स्वयंसेवकांनी तिला दोन्हीकडून धरून खुर्चीत बसतं ठेवलं होतं. मान एका बाजूला पडलेली, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले, आणि श्वास मात्र खोल, जोरकस, धावत सुटलेल्या माणसासारखा. नळी तिच्या तोंडात कोंबलेली होती आणि ग्लास झरझर पांढरा होत होता.

"पाहा," बाबा रंगात आले होते. "कुणाचं पाणी इतक्या लवकर पांढरं झालेलं पाहिलंत? ही पोर विषाने काठोकाठ भरलेली आहे. पण आज थेंब न थेंब निघेल."

लोक टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेत ताई हात जोडून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न दिसलेली आशा होती. डॉक्टरिणीला त्या आशेची जितकी किळस आली तितकी पूर्वी रक्तामांसाची कधी आली नव्हती.

तिने नळी ओढून फेकली, भाचीला खाली आडवं केलं, यंत्र लावलं. बारा. आकडा शिवणकामवालीपेक्षाही कमी होता. म्हणून ती क्षणभर थांबली, भाचीच्या कानाशी वाकून म्हणाली, हळू घे गं, मावशी आहे. शिवणकामवालीच्या टेकड्या सांगितल्यावर मंदावल्या होत्या. या मंदावल्या नाहीत. पोरीला धड शुद्ध नव्हती, कुणी फुंक म्हणत नव्हतं, तरी एकामागून एक बुटक्या टेकड्या धावतच होत्या. श्वासाला पिकून चाललेल्या फळाचा गोडसर वास होता. बोटाच्या टोकातून काढलेल्या थेंबावर साखरेचं यंत्र आकडाच दाखवेना. मोजता येईल त्याच्या पलीकडे, एवढंच ते सांगत होतं, पण तेवढं पुरे होतं.

"इन्सुलिन कधी बंद केलं?" तिने मान वर न करता विचारलं.

ताईचे जोडलेले हात सुटले. "आधी निम्मं केलं," ती म्हणाली. "परवापासून पूर्ण. सुई टोचली की विष परत आत जातं, असं बाबा म्हणाले."

इन्सुलिनवाचून रक्तात आम्ल साचत गेलं होतं. ते उतरवायला शरीराकडे एकच तातडीचा मार्ग उरला होता, श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकत राहणं. पोरीचं शरीर जगण्यासाठी धापा टाकत होतं, आणि तो माणूस त्याच धापांवर खेळ करत होता.

काका स्ट्रेचर घेऊन दाराशी आले आणि तिथेच अडकले. माणसं हलेनात. अर्धवट विष घेऊन नेलं तर पोर वाचणार नाही, बाबा माइकवरून सांगत होते; पाणी निवळेपर्यंत थांबा, हे माझं नाही, तिच्या जिवाचं बोलणं आहे. वाटेतल्या लोकांनी एकमेकांचे हात धरले. त्यात एक बँकेतला साहेब होता, एक औषधांचा दुकानदार होता. औषधांचा दुकानदार!

डॉक्टरीण भाचीच्या हातात सलाईनची सुई सारत होती. व्यासपीठाच्या कडेला नळ्यांचा गठ्ठा धरून भाऊजी उभे होते, चेहरा राखेसारखा.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. ग्लासात काय आहे ते यांना सांगा. नाहीतर तुमची मुलगी इथे मरेल आणि हे लोक टाळ्या वाजवतील."

भाऊजींच्या हातातल्या नळ्या खाली सांडल्या. ते पुढे आले. त्यांनी टेबलापुढचा पडदा बाजूला खेचला. टेबलाखाली एक बादली होती, तळाशी पांढरा गाळ, वर नितळ पाणी.

"हा चुना आहे," ते म्हणाले. "भिंतीला लावतात तो. वरचं पाणी म्हणजे चुन्याची निवळी." त्यांनी समोरच्या गर्दीवरून नजर फिरवली. "तुमच्यातले निम्मे माझ्या वर्गात बसलेले आहेत. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली तर काय होतं?"

खिडकीच्या कट्ट्यावरून, जणू बाकावरून उठून म्हणावं तसा, एक पुरुषी आवाज आला. "निवळी दुधाळ होते, सर."

"का?"

"उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे," डावीकडून एक बाई म्हणाली. उजवीकडून आणखी दोघं तेच पुटपुटले. औषधांच्या दुकानदाराचेही ओठ हलले. धडा सगळ्यांना पाठ होता. महिनोन्‌महिने सगळे त्याच पाण्यासमोर हात जोडून बसले होते, आणि धडा पाठ होता.

"आणि फुंकतच राहिलं तर?"

हे कुणालाच येईना.

"तर पांढरे कण पुन्हा विरघळतात," भाऊजी म्हणाले. "पाणी परत निवळतं. त्याच ग्लासात. विष नाही, जळणं नाही. कुणीही फुंका, असंच होतं." आणि मग, माइक नसतानाही मागच्या भिंतीपर्यंत पोहोचेल अशा आवाजात, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

बाबा काहीतरी बोलू लागले. विज्ञान अजून पोहोचलं नाही तिथे अनुभव पोहोचतो, अशा अर्थाचं. पण तेवढ्यात ती शिवणकामवाली बाई व्यासपीठावर चढली होती. तिने टेबलावरचा एक स्वच्छ ग्लास उचलला, बादलीतल्या निवळीने भरला, त्यात नवी नळी घातली आणि बाबांच्या तोंडापुढे धरला.

"तुमच्यात तर विष नाही ना?" ती म्हणाली. "मग फुंका."

बाबांनी ग्लासाकडे पाहिलं. लोकांकडे पाहिलं. मी लोकांचं विष पोटात घेतो, माझी परीक्षा घेणं पाप आहे, ते म्हणाले. ओठ मात्र नळीपासून लांब ठेवले.

"फुंकत नाही हा," बाई गर्दीकडे वळून म्हणाली.

हात सुटले. आरडाओरडा झाला नाही, दगड उचलले गेले नाहीत. माणसं नुसती एकमेकांपासून लांब सरकली, शेजाऱ्याच्या अंगाला वास येत असल्यासारखी. मधून वाट झाली. स्ट्रेचर ढकलताना डॉक्टरिणीने दोन्हीकडच्या तोंडांवर एकदाच नजर टाकली. "ज्याच्या फुंकरीने ते पाणी पांढरं होत नाही," ती म्हणाली, "तो माणूस मेलेला असतो. एवढं लक्षात ठेवा."

गाडीत तिने भाचीच्या घशात नळी घालायचा मोह आवरला. नळी घातली की श्वास यंत्र घेतं; त्या यंत्राने धापांचा वेग कमी केला असता तर आम्ल पोरीला गिळून गेलं असतं. सलाईन सोडत, टेकड्या बघत ती बसून राहिली. समोर ताई बसली होती आणि मुलीच्या पावलांना धरून होती.

पोर वाचली. दोन दिवस कुणी खात्रीने काही सांगत नव्हतं. मग आकडा हळूहळू चढला, श्वास संथ झाला, आणि तिने डोळे उघडून पाणी मागितलं.

त्या दिवसांत बाहेरच्या बाकावर ताईने एकदाच तोंड उघडलं. सुया संपतील असं वाटलं होतं, ती म्हणाली. एक सकाळ अशी उगवेल की पोरीला न रडवता उठवता येईल, तेवढंच हवं होतं. डॉक्टरिणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ताईवर तिला राग धरता येईना. थकलेल्या माणसाला कुणी खुर्ची दाखवली तर तो ती मोडकी आहे का हे तपासत नाही.

"मी ह्यांना विचारलं होतं," ताई म्हणाली. "पहिल्याच दिवशी. म्हटलं, तुम्ही शिकवता ना, हे कसं होतं सांगा. म्हणाले, काही गोष्टी विज्ञानाच्या पलीकडच्या असतात."

भाऊजी बाकाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही असं नाही. म्हणाले की तू इतक्या वर्षांनी हसलीस, ते मोडवेना. तेही खरं असेल. पण बाबा रोज माइकवरून सांगायचे, विज्ञानाचे शिक्षक स्वतः इथे बसलेत, विचारा त्यांना. आणि सातशे डोळे वळले की भाऊजी मान डोलवायचे. शाळेत कुणी त्यांच्याकडे तसं पाहत नव्हतं. डॉक्टरीण हे ऐकून उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाबा ठग होता, त्याचं पोट ठगीवरच चालत होतं. या माणसाने फक्त मान डोलवण्याच्या सुखासाठी स्वतःची मुलगी त्या खुर्चीत बसू दिली होती. शेवटी तो बोलला, हे खरं. पण शेवटी.

ताईने पोलिसांत तक्रार दिली, भाऊजींनी साक्ष. बाबांना पकडलं तेव्हा पोलीस चौकीबाहेर पन्नासेक माणसं हात जोडून उभी होती. त्यांचं म्हणणं होतं की चुना असेल, पण बाबांच्या हातचा चुना वेगळा. काकांनी ही बातमी आणली. बाबांनी एवढा चुना लावूनही यांची भिंत अजून कोरीच, ते म्हणाले आणि बाजूला थुंकले.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरीण भाचीपाशी बसली होती. पोरीने स्वतःची सुई स्वतः टोचून घेतली, कापूस दाबून धरला, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मावशी, मला तिथे काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मी मरत होते तेव्हा त्या टाळ्या होत्या ना?"

"हो," डॉक्टरीण म्हणाली.

"ते सगळे वाईट होते?"

डॉक्टरिणीने तिच्या हातातून कापूस काढून घेतला. नव्हते, ती म्हणाली. त्यातल्या कुणालाही रस्त्यात तू पडलेली दिसली असतीस तर त्याने तुला उचललं असतं. त्यांना उत्तरही येत होतं. फक्त पहिला प्रश्न आपण विचारला तर लोक हसतील, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत टाळ्या वाजवत होता. भोंदूला याहून मोठं भांडवल लागत नाही. म्हणून कुणी तुझ्यासमोर चमत्कार मांडला तर हात जोडायच्या आधी तोंड उघड. हे काय आहे, विचार. माझ्या घरच्या पाण्यात करून दाखवा, म्हण. आणि औषध बंद कर असं कुणी म्हणालं, मग तो बाबा असो, शेजारी असो की सख्खा बाप, तर त्याच्यापासून उठून चालू लाग आणि ज्याने औषध दिलंय त्याला जाऊन विचार.

"आणि लोक हसले तर?"

"हसू दे," डॉक्टरीण म्हणाली. "हसण्याने कुणी मरत नाही."